संशोधन-भांडारांचा परस्परसंवाद

विद्यापीठांतून होणाऱ्या संशोधनाचा खर्च अखेर समाजच सोसत असतो. जमिनीचा कस, विहिरींची पातळी, बालकांचे पोषण, बोलीभाषा, सहकारी संस्थांचे अर्थकारण अशा असंख्य विषयांवर दरवर्षी प्रबंध लिहिले जातात. एकेका प्रबंधामागे कित्येक वर्षांचे श्रम असतात. संशोधक गावोगाव हिंडून नमुने गोळा करतो, माणसांशी बोलतो, जुनी दप्तरे चाळतो. परंतु ज्या गावाविषयी हे सारे लिहिले गेले, त्या गावापर्यंत ते परत जाते काय, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित राहिला. टंकलिखित प्रबंधाच्या मोजक्याच प्रती निघत. त्यांतील एखादी विद्यापीठाच्या ग्रंथालयातील कपाटात विसावे, आणि तिचा ठावठिकाणा ज्याला आधीच ठाऊक असे त्यालाच ती वाचावयास मिळे.

संगणकाने ही स्थिती पालटली. आज देशातील लाखो प्रबंध संगणकीय भांडारांत जमा झाले आहेत व घरबसल्या वाचता येतात. तथापि साठा झाला म्हणजे उपयोग झाला, असे नव्हे. निरनिराळ्या संस्थांची भांडारे एकमेकांची नोंद वाचू शकत नसतील, तर लाकडी कपाटाच्या जागी विजेवर चालणारे कपाट आले, एवढाच काय तो फरक म्हणावा लागेल. भांडारांनी परस्परांच्या नोंदी समजून घेणे, त्यांची देवघेव करणे आणि सामान्य वाचकाला हवा तो मजकूर मिळवून देणे, यास भांडारांचा परस्परसंवाद म्हणता येईल. हा परस्परसंवाद यंत्रापेक्षा नोंद करणाऱ्या माणसाच्या काळजीवर अधिक अवलंबून असतो. म्हणूनच या विषयाशी शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांचाही निकटचा संबंध येतो.

कपाटातून भांडाराकडे

संशोधनपर लेख संगणकावर सर्वांसाठी खुले ठेवण्याचा मोठा प्रयत्न ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाला. पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या विषयातील लेखांसाठी तेथे एक भांडार सुरू केले. पुढे 'अर्काइव्ह' या नावाने प्रसिद्धीस आलेले हे भांडार २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाकडे गेले. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने २००० मध्ये 'ईप्रिंट्स' आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या ग्रंथालयांनी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या साहाय्याने २००२ मध्ये 'डीस्पेस' ही संगणक-प्रणाली तयार केली. या दोन्ही प्रणाली विनामूल्य व खुल्या असल्याने कोणत्याही विद्यापीठाला स्वतःचे भांडार उभारणे शक्य झाले.

भारतात या कार्याची धुरा मुख्यतः 'इन्फ्लिबनेट' या केंद्राने वाहिली आहे. या केंद्राचा आरंभ महाराष्ट्रात झाला, ही गोष्ट फारशी ज्ञात नाही. विद्यापीठांची ग्रंथालये परस्परांशी जोडण्याचा हा प्रकल्प १९९१ मध्ये पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र केंद्राच्या आश्रयाने सुरू झाला. १९९६ मध्ये त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या स्वतंत्र आंतर-विद्यापीठ केंद्राचा दर्जा मिळाला. सध्या हे केंद्र गुजरातमध्ये गांधीनगर येथे आहे. आयोगाने २००९ मध्ये केलेल्या विनियमांनुसार पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे विद्यापीठांना बंधनकारक झाले. पुढील २०१६ व २०२२ च्या विनियमांतही ही अट कायम राहिली. या प्रती जेथे एकत्र येतात, ते 'शोधगंगा' हे भांडार डीस्पेस प्रणालीवरच उभारलेले आहे.

शोधगंगा हे या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव असले, तरी ते एकमेव नाही. कृषी विद्यापीठांतील प्रबंध व अहवाल भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या 'कृषिकोश' या भांडारात साठविले जातात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने दुर्मीळ ग्रंथ व अहवाल संगणकावर उपलब्ध केले आहेत. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे स्वतःचे भांडार आहे. याखेरीज अनेक विद्यापीठे व महाविद्यालये आपापले साठे सांभाळून आहेत.

अनेक कोठारे, एक गरजू

समजा, अवर्षणप्रवण भागातील एखाद्या ग्रामपंचायतीला पाणलोट विकासाचा आराखडा करावयाचा आहे. तिच्या परिसरातील खडकाचा अभ्यास एखाद्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने केलेला असतो. तेथील कोरडवाहू पिकांवरील प्रयोग कृषी विद्यापीठात झालेले असतात. गावातून होणाऱ्या स्थलांतराची पाहणी समाजशास्त्र विभागाने केलेली असते आणि शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळाचा अहवाल एखाद्या जुन्या ग्रंथालयात असतो. हे चारही लेखन चार निरनिराळ्या भांडारांत असते. गरजू मात्र एकच असतो, आणि त्याला या भांडारांची नावेही ठाऊक असतीलच असे नाही.

प्रत्येक भांडाराचे दार स्वतंत्रपणे ठोठावण्याचे काम त्याच्यावर टाकले, तर तो दुसऱ्या-तिसऱ्या दारावरूनच माघारी फिरेल. मग झालेले काम पुन्हा करावे लागते, त्यावर पुन्हा खर्च होतो. नाही तर जवळच असलेली माहिती हाती न लागल्याने निर्णय अंदाजाने घेतला जातो. हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही, म्हणून ते कमी गंभीर ठरत नाही.

यावर सर्व साहित्य एकाच प्रचंड कोठारात आणून ठेवावे, असा उपाय कोणी सुचवील. परंतु तो व्यवहार्य नाही. आपल्या साहित्याची जोपासना ती ती संस्थाच चांगली करू शकते आणि एकाच ठिकाणी सर्व साठा ठेवण्यात धोकाही असतो. साहित्य ज्याच्या त्याच्या घरी राहावे, त्याची नोंद मात्र सर्वत्र पोहोचावी, हाच शहाणपणाचा मार्ग होय. त्यासाठी नोंदीचा नमुना समान असावा लागतो, नोंद मागण्याची पद्धत समान असावी लागते आणि प्रत्येक वस्तूची ओळख कायम राहावी लागते.

नोंदीचा समान नमुना

महसूल प्रशासनाशी परिचित असलेल्यांना समान नमुन्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. राज्यातील गाव नमुन्यांचे रकाने ठरलेले आहेत. सातबाराचा उतारा सिंधुदुर्गातील असो वा गडचिरोलीतील, कोणता तपशील कोठे पाहावयाचा हे जाणकाराला तत्काळ समजते. प्रत्येक तालुक्याने स्वतःच्या सोयीने रकाने आखले असते, तर जमिनीचे व्यवहार दुर्घट झाले असते.

ग्रंथ, प्रबंध व अहवाल यांच्या संगणकीय नोंदींसाठी असाच एक नमुना मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डब्लिन या गावी झालेल्या कार्यशाळेतून पुढे आला. त्या गावावरूनच त्याला 'डब्लिन कोअर' हे नाव पडले. या नमुन्यात १५ रकाने आहेत : शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळख क्रमांक, मूळ स्रोत, भाषा, इतर साहित्याशी संबंध, व्याप्ती आणि हक्क. या नमुन्याला २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा प्राप्त झाला.

रकाने थोडे असले तरी ते भरण्यात शिस्त हवी. दिनांकाचेच उदाहरण घ्यावे. '०५-०६-२००९' असे लिहिल्यास भारतीय वाचक ५ जून असे वाचील, तर अमेरिकी वाचक ६ मे असे समजेल. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकानुसार वर्ष आधी, मग महिना व शेवटी दिवस, म्हणजे '२००९-०६-०५' असे लिहिले जाते. भाषेच्या रकान्यातही 'मराठी', 'मराठी भाषा' असे मनास येईल तसे न लिहिता मराठीसाठी ठरलेला मानक संकेत वापरावयाचा असतो. तो नसल्यास मराठीतील सर्व प्रबंध दाखव, अशी मागणी केल्यावर संगणक त्यांतील अनेक प्रबंध वगळून टाकतो.

पंचायतीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा रकाना 'व्याप्ती' हा होय. अभ्यास कोणत्या प्रदेशाचा व कोणत्या कालखंडाचा आहे, हे त्यात नोंदवावयाचे असते. तालुक्याचे व गावांचे नाव या रकान्यात नसेल आणि शीर्षकात केवळ 'एका ग्रामीण भागाचा अभ्यास' असे असेल, तर त्या गावातील मनुष्याला आपल्याच गावावरील प्रबंध सापडणे जवळजवळ अशक्य होते.

विषयाच्या रकान्यातही असाच घोटाळा संभवतो. एक संशोधक 'भूजल' लिहितो, दुसरा 'भूमिगत पाणी' आणि तिसरा त्यासाठी इंग्रजी संज्ञा वापरतो. तिघांचा विषय एक असूनही संगणकाच्या लेखी ते तीन निरनिराळे विषय ठरतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 'अ‍ॅग्रोव्हॉक' या शब्दसंग्रहात प्रत्येक संकल्पनेला एक स्वतंत्र संकेत देऊन त्याखाली अनेक भाषांतील शब्द जोडले आहेत. मराठीपुरते बोलावयाचे तर राज्याच्या भाषा संचालनालयाने सिद्ध केलेले विविध शास्त्रांचे परिभाषा कोश या कामी उपयोगी पडतील. कोशातील संज्ञा मराठीत व तिच्या जोडीला इंग्रजीत नोंदविल्यास दोन्ही भाषांतील वाचकांची सोय होते.

सहा प्रश्नांची भाषा

नोंदी समान नमुन्यात लिहिल्या, तरी एका भांडाराने दुसऱ्याकडून त्या मागाव्या कशा, हा प्रश्न उरतोच. यावर विचार करण्यासाठी ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेतील सँटा फे येथे भांडारांच्या चालकांची व तज्ज्ञांची बैठक झाली. तीतून 'ओपन आर्काइव्हज इनिशिएटिव्ह' ही चळवळ आकारास आली. नोंदींच्या देवघेवीची तिने तयार केलेली नियमावली जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. जून २००२ मधील तिची दुसरी आवृत्ती आजही जगभर वापरात आहे.

या नियमावलीचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. नोंदी मागणारा संगणक देणाऱ्या संगणकाला केवळ सहा प्रकारचे प्रश्न विचारू शकतो. तू कोण आहेस? तुझ्याकडे नोंदी कोणकोणत्या नमुन्यांत मिळतात? त्यांचे गट कोणते पाडले आहेत? नोंदींच्या क्रमांकांची यादी देतोस काय? सर्व नोंदी देतोस काय? अमुक क्रमांकाची एकच नोंद देतोस काय? या सहा प्रश्नांवर सारा व्यवहार चालतो.

त्यात दोन सोयी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे प्रत्येक नोंदीवर ती शेवटी केव्हा बदलली याचा दिनांक असतो. त्यामुळे मागणाऱ्याला दर वेळी सगळा साठा मागावा लागत नाही. मागील भेटीनंतर नव्याने आलेल्या वा बदललेल्या नोंदी तेवढ्या मागता येतात. दुसरी सोय अशी की, यादी मोठी असल्यास ती हप्त्याहप्त्याने दिली जाते व प्रत्येक हप्त्याबरोबर पुढील हप्त्यासाठी एक संकेत दिला जातो. त्यामुळे साधारण क्षमतेच्या संगणकावरही ताण पडत नाही.

नोंदी गोळा करण्याच्या या क्रियेला इंग्रजीत सुगीवरून नाव मिळाले आहे आणि ते समर्पक आहे. शेत ज्याचे त्याच्याकडेच राहते, रास मात्र सर्वांच्या उपयोगाच्या खळ्यावर येते. मूळ प्रबंध संस्थेच्या भांडारातच असतो. सामाईक सूचीत त्याची नोंद व तेथे जाण्याचा मार्ग तेवढा येतो. जर्मनीतील बीलेफेल्ड विद्यापीठाची 'बेस' ही शोधसेवा या पद्धतीने जगातील हजारो भांडारांच्या नोंदी एकत्र आणते. भारतात खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले आणि १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय निरनिराळ्या संस्थांच्या साहित्याच्या नोंदी एका ठिकाणी शोधण्याची सोय करून देते.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. सुगीच्या खळ्यावर जे येते, ते शेतात पिकलेलेच असते. मूळ नोंद अपुरी वा चुकीची असेल, तर तीच अपुरी वा चुकीची नोंद अनेक सूच्यांत पसरते. यंत्र चूक दुरुस्त करीत नाही. ते ती वेगाने वाहून नेते.

नाव पालटते, क्रमांक टिकतो

इंटरनेटवरील पत्ता हा घराच्या पत्त्यासारखा असतो. संस्थेने संगणक बदलला, संकेतस्थळाची रचना बदलली वा संस्थेचेच नाव बदलले, की जुना पत्ता निकामी होतो. प्रबंध जागच्या जागी असूनही दुसऱ्या ग्रंथात दिलेल्या पत्त्यावर तो सापडत नाही. यावर उपाय म्हणून साहित्याला कायम क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली आहे. 'हँडल' ही त्यांपैकी एक व्यवस्था आहे. शोधगंगेतील प्रबंधांच्या हँडल क्रमांकांचा आरंभ १०६०३ या अंकांनी होतो. पत्ता बदलला, तर मध्यवर्ती नोंदवहीत नवा पत्ता लिहिला जातो. वाचकाच्या हाती असलेला क्रमांक मात्र तोच राहतो. नियतकालिकांतील लेखांना दिला जाणारा 'डीओआय' हा क्रमांकही याच व्यवस्थेवर आधारलेला आहे.

माणसांच्या बाबतीतही नावावर विसंबून भागत नाही. महाराष्ट्रात कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी शेवटी. कोणी वडिलांचे वा पतीचे नाव पूर्ण लिहितो, कोणी केवळ आद्याक्षर देतो. एकाच आडनावाचे रोमन लिपीतील स्पेलिंग दोन-तीन प्रकारे केले जाते. विवाहानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे व नंतरचे लेखन संगणकाला दोन व्यक्तींचे वाटते आणि तिच्या कार्याचा निम्मा भाग दृष्टीआड होतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'ऑर्सिड' या व्यवस्थेत संशोधकाला १६ स्थानांचा कायम क्रमांक विनामूल्य मिळतो. नाव कसेही लिहिले, तरी या क्रमांकामुळे त्याचे सर्व लेखन एकत्र राहते.

स्थळनामांचा प्रश्न तर राज्यातील प्रत्येक कार्यालयाच्या परिचयाचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हे जिल्हे वेगळे झाले. साहजिकच १९९० च्या सुमारास जव्हार वा मोखाडा तालुक्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाविषयी कोणी प्रबंध लिहिला असेल, तर त्याची नोंद ठाणे जिल्ह्याखाली होणार. आज पालघर जिल्ह्याच्या नावाने शोध घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो दिसणार नाही. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव हे नामांतर २०२३ मध्ये, तर अहमदनगरचे अहिल्यानगर हे नामांतर २०२४ मध्ये अमलात आले. जुने प्रबंध जुन्या नावांनीच राहणार, कारण प्रबंधाचे शीर्षक बदलता येत नाही आणि बदलूही नये.

या अडचणीतून वाट काढणारे साधन शासकीय दप्तरात उपलब्ध आहे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला ६ अंकी संकेतांक देण्यात आला आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही जिल्हा, तालुका, गाव व ग्रामपंचायत यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. प्रबंधाच्या व्याप्तीच्या रकान्यात गावाच्या नावाशेजारी हा संकेतांक लिहिला, तर नामांतर वा विभाजन झाले तरी नोंद त्या गावाशी जोडलेली राहील. शिवाय पंचायतीची अन्य आकडेवारी याच संकेतांकांवर बेतलेली असल्याने संशोधन व प्रशासन यांची सांगड घालणेही सुलभ होईल.

देवनागरीची विशेष अडचण

मराठीतील साहित्याच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. संगणकावर देवनागरी लिहिण्यासाठी पूर्वी निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट वापरले जात. त्यांत पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण आत साठविलेला संकेत रोमन अक्षराचा वा चिन्हाचा असे. असा मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की निरर्थक अक्षरांची रांग दिसते. या पद्धतीने टंकलेखन केलेला प्रबंध भांडारात असला, तरी त्यातील एकही मराठी शब्द शोधून सापडत नाही.

जगातील लिप्यांना समान संकेत देणाऱ्या 'युनिकोड' मानकाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली व तिच्यात देवनागरीचा समावेश होता. आज नवे लेखन युनिकोडमध्येच झाले पाहिजे, याविषयी दुमत असू नये. तथापि युनिकोडमध्येही थोडी सावधगिरी लागते. सातारा जिल्ह्यातील 'कऱ्हाड' या गावाचे नाव पाहावे. त्यातील अर्धा र हा मराठीचा विशेष आहे. तो स्वतंत्र 'ऱ' या अक्षराचा पाय मोडून लिहिता येतो आणि साध्या 'र' ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही उमटविता येतो. कागदावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, परंतु संगणकाला ते भिन्न भासतात. त्यात कोणी 'कराड' असेही लिहितो आणि रोमन लिपीतही दोन स्पेलिंगे रूढ आहेत. भांडाराच्या प्रणालीने असे पर्याय एकरूप मानण्याची व्यवस्था केली नाही, तर एकाच गावाच्या अभ्यासाची चार ठिकाणी वाटणी होते.

वाचकाच्या हाती

भांडारांचा परस्परांशी संवाद साधला, तरी तो अखेर वाचकासाठी आहे. त्या दृष्टीने काही साध्या गोष्टींना फार महत्त्व आहे. अनेक जुने प्रबंध पानांची छायाचित्रे घेऊन साठविलेले आहेत. असे पान डोळ्यांनी वाचता येते, परंतु त्यातील शब्द संगणकाला शोधता येत नाहीत, आणि दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाला तर ते कोरेच वाटते. छायाचित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या प्रणाली आता देवनागरीसाठीही उपलब्ध आहेत. मात्र त्यांनी दिलेला मजकूर एकदा तपासून घ्यावा लागतो.

शोधगंगेत प्रबंधाची प्रकरणे स्वतंत्र फाइलींत ठेवलेली असतात. गावात मोबाइलवर मंद गतीने इंटरनेट वापरणाऱ्याला याचा मोठा लाभ होतो. निष्कर्षांचे एकच प्रकरण हवे असेल, तर सारा प्रबंध उतरवून घ्यावा लागत नाही. परंतु फाइलींना '०१', '०२' असे केवळ क्रमांक न देता प्रकरणाचे नाव दिले, तरच वाचकाला कोणती फाइल उघडावी हे कळते.

हक्कांचा उल्लेख हीदेखील परस्परसंवादाचीच बाब आहे. हे साहित्य वाचता येते, पण त्यातील तक्ता ग्रामसभेपुढे मांडता येईल काय, उतारा शालेय पुस्तिकेत घेता येईल काय, याविषयी नोंदीत स्पष्टता नसेल, तर सावध मनुष्य त्याच्या वापरापासून दूरच राहतो. तसेच सर्वच माहिती खुली करणे इष्ट नसते. रुग्णांची ओळख पटविणारा तपशील वा दुर्मीळ वनस्पतींची नेमकी ठिकाणे राखून ठेवणे योग्यच आहे. अशा वेळी मजकूर बंद असला, तरी त्याची नोंद खुली असावी व तो का बंद आहे हे तीत लिहिलेले असावे.

२०१६ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने संशोधन-सामग्रीची चार लक्षणे मांडली. ती सापडावी, मिळावी, इतर सामग्रीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी. आजवर सांगितलेल्या बहुतेक सर्व गोष्टी या चार लक्षणांत सामावतात.

प्रत्येकाचा वाटा

भांडार संवादक्षम होण्यासाठी नेहमीच मोठ्या खर्चाची आवश्यकता असते, असे नाही. डीस्पेससारख्या प्रणालीत नोंदींच्या देवघेवीची सोय मुळातच असते. संस्थेने ती चालू ठेवणे आणि आपला पत्ता राष्ट्रीय सूचीकारांना कळविणे एवढेच करावयाचे असते. ती बंद राहिली, तर बहुधा कोणी विचारले नाही म्हणून राहते. प्रमुखांनी वर्षातून एकदा तरी आपल्या भांडारातील पाच-दहा प्रबंध बाहेरील सूचीतून शोधून पाहावेत. ते सापडले नाहीत, तर दोष कोठे आहे हे तत्काळ उमगेल.

मार्गदर्शक शिक्षकांनी प्रबंध सादर होतानाच नोंदीचे रकाने विद्यार्थ्याकडून भरून घेऊन स्वतः तपासावेत. गावाची नावे, संकेतांक, विषयाच्या मराठी व इंग्रजी संज्ञा आणि मराठीतील गोषवारा ही माहिती प्रबंधलेखकाला मुखोद्गत असते. दहा वर्षांनी ग्रंथालयातील कर्मचाऱ्याला ती शोधून काढणे दुरापास्त होते. इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधालाही दोन पानांचा मराठी गोषवारा जोडला, तर ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांना तो वाचता येईल.

शासकीय अधिकाऱ्यांकडेही अहवालांचा मोठा साठा असतो. पाहणी अहवाल, मूल्यमापने व नकाशे यांना कायम क्रमांक, दिनांक व गावाचे संकेतांक देऊन ते युनिकोडमध्ये ठेवले, तर संशोधकाला त्यांचा आधार घेता येतो आणि त्याचे निष्कर्ष पुन्हा प्रशासनाच्या उपयोगी पडतात. पंचायत सदस्यांनी आपल्या गावाच्या व तालुक्याच्या नावाने, जुन्या व नव्या दोन्ही नावांनी, शोधगंगा, कृषिकोश व राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय येथे शोध घेऊन पाहावा. स्थानिक शाळा वा महाविद्यालयातील शिक्षकांचे साहाय्य या कामी सहज मिळू शकेल. गावात अभ्यासासाठी येणाऱ्या संशोधकाला माहिती देताना, तुमचा प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याचा कायम क्रमांक ग्रामपंचायतीस कळवा, अशी विनंती करणेही उचित ठरेल. असे क्रमांक एका वहीत उतरवून ठेवले, तर काही वर्षांत गावाविषयीच्या ज्ञानाची एक सूची ग्रामपंचायतीच्या कार्यालयातच तयार होईल.

संशोधकाने ज्या शेतकऱ्याच्या बांधावर बसून प्रश्न विचारले, ज्या मातेने आपल्या मुलाचे वजन करू दिले, त्यांनी आपला वेळ व विश्वास दिलेला असतो. त्यांच्या माहितीवर उभा राहिलेला प्रबंध त्यांच्या गावच्या शाळेत वा पंचायतीत उघडता यावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. ती पूर्ण करण्याची साधने आज उपलब्ध आहेत. उणीव आहे ती नोंदीचा प्रत्येक रकाना काळजीपूर्वक भरण्याची.